आत्याचा बिब्बा आणि माझं अर्धं डोकं

माझं डोकं दुखायला लागलं हे सगळ्यात आधी मेंढरांना कळलं. एरवी मी घसा फोडून ओरडलो तरी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बीडच्या गाड्या अडवणारी ही जात. त्या दिवशी मात्र माझं नुसतं तोंड बघून सगळी आपण होऊन जाळीच्या कुंपणात शिरली. आमचा एडकासुद्धा मान खाली घालून गेला. हा तोच एडका, ज्यानं पालीच्या घाटात एका जीपला अशी धडक दिली होती की ती जीप तोंड फिरवून बीडला परत गेली. (जीप नव्हती, मोटारसायकल होती, आणि ती उभी होती, असं माझी बायको म्हणते. तिला गोष्ट सांगता येत नाही.)

तर डोकं. अख्खं नाही, अर्धंच. नाकापासून शेंडीपर्यंत मधोमध दोरी धरावी आणि उजवीकडचा तुकडा कुणाला तरी विहीर पाडायला द्यावा, तसं. उजव्या भुवईच्या वर आत बसून कुणीतरी सुरुंग लावत होतं. धडाम झालं की जरा थांबायचं, पुन्हा धडाम. डावीकडचं डोकं मात्र निवांत होतं, येत्या चतुर्थीला लिंबागणेशला जावं की न जावं याचा विचार करत. केसाला कंगवा लावला तर बाभळीची फांदी ओढल्यासारखं व्हायचं. वारा लागला तरी कळ. एक माशी बसली तेव्हा मी असा ओरडलो की ती पुन्हा कुठल्या माणसाच्या डोक्यावर बसली नसेल, नुसती गुरांवरच भागवत असेल.

बाहेरून काहीच दिसेना, ही खरी पंचाईत. सूज नाही, फोड नाही, ताप नाही. माणूस बोंबलतो आणि दाखवायला काही नाही म्हणजे तो नाटक करतो, असं आमच्या वस्तीवर मानतात. त्यातून तो माणूस मी.

बायको म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढला आसंल."

फाट्यावर हॉटेल चालवणारा माझा दोस्त म्हणाला, "बे, डोकं दुखायला आधी डोकं लागतंय."

दुसरा दिवसही तसाच गेला, आणि तिसऱ्या दिवशी आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, आमच्या अंगणापलीकडं तिनं दोन खोल्या बांधल्या आणि तिथून ती सगळी वस्ती चालवते. आवाज असा की तिनं घरात बसून माझ्या बायकोला हाक मारली तर धरणाच्या भिंतीवरची पाखरं उडतात. पण तिचं खरं नाव होतं ते बिब्ब्यासाठी. पायात काटा मोडला, टाच फुटली, मेंढीचं खूर सडलं, की आत्या. ती बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की नेमक्या जागी नेमका ठिपका द्यायची. चर्र. झालं काम. एका पुढाऱ्याच्या टाचेत प्रचाराच्या दिवसांत काटा मोडला होता, आत्यानं त्याला असा चटका दिला की तो त्याच दिवशी पायी जिल्हा परिषदेचा सगळा गट फिरला आणि निवडून आला. पुढच्या खेपेला त्याचा पाय दुखला तेव्हा तो मोठ्या दवाखान्यात गेला. पडला.

बिब्ब्याचं एक आहे. ज्याच्या अंगाला तो मानवत नाही, त्याच्या अंगावर तो उततो. म्हणजे कातडं लाल होतं, सुजतं, पाण्याच्या फोडांनी भरून जातं. पण आत्याच्या हातचा बिब्बा कधी कुणाला उतला नाही. हाच तिचा मान होता. लग्नात तिला साडी बाकीच्यांपेक्षा चांगली मिळायची, ती याच्यावर. पंगतीत तिचं पान आधी मांडलं जायचं, तेही याच्यावर.

"आरं बाबा, कावून वरडायलास?" आत्या दारातूनच म्हणाली.

"आत्या, डोकं फुटायलंय."

"फुटू दे की. आत काय हाय ते तरी कळंल."

असं म्हणत तिनं माझी मान मांडीवर घेतली, बिब्बा तापवला आणि दोन्ही कानशिलांवर एकेक ठिपका दिला. उजवीकडं एक, डावीकडं एक. वरून माझं उपरणं करकचून डोक्याला बांधलं. बायको चुलीपाशी उभी राहून बघत होती. तिचा बिब्ब्यावर विश्वास नाही आणि आत्यावर त्याहून नाही. दोघींचं हे भांडण मी लग्न करून आलो त्या दिवसापासून चालू आहे. बरोबर आहे, लग्न करून ती आली, मी तिथंच होतो. पण त्या दिवसापासून मी पाहुण्यासारखाच राहिलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपरणं उजवीकडून वर सारून आरशात बघितलं आणि मागं वळून बघितलं, की हा कोण माझ्या मागं उभाय. उजवं कपाळ फोडांनी भरलेलं. भुवईवर फोड, पापणीवर फोड, केसांत फोड. डोळा सुजून बंद. अर्धं तोंड माझं आणि अर्धं पिकल्या सीताफळाचं.

बायकोनं एकदाच बघितलं. म्हणाली, "उतला बिब्बा. आत्याबाईंनी जाळलं तुमचं तोंड."

माझी बायको कधी वाढवून बोलत नाही, हे इथं सांगायलाच हवं. ढगफुटी झाली तर ती म्हणते, "पाऊस झाला." तिनं दूध नासलंय म्हटलं की वस्तीतली दुसरी बाई वाससुद्धा घेत नाही, सरळ ओतून देते. तर अशा बाईनं हे वाक्य नळावर, चार बायकांत म्हटलं. तिकडून ते फाट्यावर गेलं. दुपारी माझा दोस्त तब्येत बघायला म्हणून आला, माझा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: बिब्ब्यापासून सावधान. माझा फोटो इतका तर माझ्या लग्नातही कुणी बघितला नव्हता. मंजरसुंब्याच्या पुढून फोन यायला लागले.

आत्या संध्याकाळी आली. हातात खोबऱ्याचा गोळा आणि तीळ. बिब्बा उतला की हेच खायला देतात, हेच वाटून लावतात. माझ्यापाशी बसून तिनं खोबरं किसलं, वाटलं, बोटानं हळूहळू कपाळाला लावलं. मी कळवळलो तसा तिनं हात झटकन मागं घेतला.

"हात जड पडला आसंल बाबा माझा," ती म्हणाली. "वय झालं."

एवढंच. धरणावरच्या पाखरांना त्या दिवशी काही कळलं नसणार.

मग दोन-तीन दिवसांतच आत्याच्या दारात कुणी येईना. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई लंगडी मेंढी घेऊन निघाली होती, ती आमच्या अंगणातून वळून परत गेली. आत्यानं ते खिडकीतून बघितलं. बिब्ब्यांचा डबा तिनं माळ्यावर, जुन्या घोंगड्यांच्या मागं ढकलून दिला. तिच्या लेकीचा फोन आला, "माज्याकडं ये राहायला, कशाला बसलीस तिथं," तर नेहमी त्यावर अर्धा तास भांडणारी आत्या म्हणाली, "बघू. मेंढरांची कातरणी झाली की येते." म्हणजे ती कायमची निघाली होती. हे ऐकून मला डोक्यापेक्षा जास्त दुखलं. आणि डोकं तर अजून तसंच दुखत होतं. खोबरं लावून, तीळ खाऊन मी निम्मा तिळाचा लाडू झालो होतो, पण आतले सुरुंग काही थांबेनात.

लेकीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. बायकोनं पापणी उचलून बघितली आणि म्हणाली, "चला. अंबाजोगाईला."

"आगं, बीड जवळ हाय."

"अंबाजोगाईला."

अंबाजोगाई तिचं माहेर. जगातली सगळी चांगली माणसं, चांगलं पाणी आणि चांगले डॉक्टर तिच्या माहेरी असतात. आम्ही बीडकडं पाठ करून केजवरून जाणाऱ्या गाडीत बसलो. गाडीत माझ्या शेजारची सीट मोकळी असूनही कुणी बसलं नाही. कंडक्टरनं तिकीट लांबून दिलं.

मोठ्या दवाखान्यात कातड्याच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं लहान, पण बोलणं असं की समोरच्यानं आपोआप सरळ बसावं. त्यांनी कपाळाकडं बघितलं, नाकाकडं बघितलं.

"काय झालं?"

मी सुरुवात केली, "बाई, आमच्या मेंढरांना आधी..."

"बिब्बा लावला होता," बायको म्हणाली. "उतला."

"कुठे लावला होता?"

"दोन्ही कानशिलांवर."

"मग डावीकडे काय झालं?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. इतक्या दिवसांत डावीकडं कुणी बघितलंच नव्हतं. उपरणं सोडलं. डाव्या कानशिलावर बिब्ब्याचा ठिपका वाळून काळा होऊन गप्प बसलेला. आजूबाजूला कातडं जसंच्या तसं. उजवीकडचे फोड मात्र कपाळाच्या मधोमध येऊन थांबलेले, शेताच्या बांधावर थांबावं तसे.

"डोकं आधी दुखायला लागलं, की बिब्बा आधी लावला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डोकं आधी," बायको म्हणाली. खोटं बोलणं तिला जमतच नाही. "दोन दिवस आधी."

"आणि फोड?"

"बिब्ब्याच्या नंतर."

"डोक्याच्याही नंतर. ही नागीण आहे."

मी म्हणालो, "बाई, नागीण कमरेला होते. आमच्यात सगळ्यांना कमरेलाच झाली."

"ती नसेवर होते. जी नस धरली त्या नसेच्या वाटेनं फोड येतात. आणि फोड यायच्या आधी दोन-चार दिवस ती नस दुखते, नुसतं कातडं दुखतं, बाहेरून काही दिसत नाही. कमरेला असली तर माणूस म्हणतो उसण भरली. कपाळाची नस असली तर म्हणतो डोकं दुखतंय. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या. अशा आल्या होत्या की अंगावर सुई टेकवायला..."

"आल्या होत्या," बायको म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं ते असं, की कांजिण्या बऱ्या होतात पण त्यांचा विषाणू जात नाही. तो नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो, वर्षानुवर्षं, आणि कधीतरी अंगातली ताकद कमी झाली की उठतो. मला ते पटकन कळलं. आमच्याकडं असे पाहुणे असतात.

"पण बाई, नागिणीचं तोंड आन् शेपूट भेटलं तर माणूस..."

"काही होत नाही. तुम्ही नाकाच्या शेंड्याची काळजी करा. नाकाचा शेंडा आणि डोळा एकाच नसेवर आहेत." त्यांनी लगेच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं डोळ्यात थेंब टाकून, यंत्रात हनुवटी ठेवून बघितलं. बुबुळाला अजून धक्का लागलेला नव्हता. थोडक्यात निभावलं होतं. गोळ्या चालू झाल्या, थेंब चालू झाले. फोड गेले तरी डोकं काही दिवस, कदाचित काही महिने दुखत राहील, हेही सांगितलं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे बिब्ब्यानं झालेलं नाही. पण तोंडावर बिब्बा पुन्हा लावायचा नाही. डोळ्यात गेला असता तर मग मात्र बिब्ब्यानंच झालं असतं."

परतीच्या वाटेवर बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या माहेरच्या डॉक्टरनं तिला खोटं पाडलं होतं, आणि ती आता तक्रार तरी कुठं करणार.

मी उतरलो तो थेट फाट्यावर. सगळ्यांना सांगून टाकलं: आत्याचा काही गुन्हा नाही. नागीण होती. ती लहानपणापासून माझ्या डोक्यात झोपलेली होती. उठायच्या आधी तिनं डोकं दुखवलं, मग अर्ध्या कपाळावर चालून आली, मधोमध थांबली, आणि नाकाच्या शेंड्यावर बसून डोळ्याकडं बघत होती.

मग माझा दोस्त म्हणाला, "आन् मग? फणा काढला का न्हाई?"

सगळे असे हसले की चहाची भगुनी वाजली. एक म्हातारा म्हणाला, "जीपवाल्या एडक्यापेक्षा ही चांगली हाय."

तुम्हीच बघा. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शब्द न वाढवता बोललो होतो आणि नेमकी तीच गोष्ट माझ्या सगळ्या थापांपेक्षा जास्त थाप वाटत होती. जितकं समजावून सांगावं तितकी ती जास्त रंगत गेली. शेवटी एकानं डोळे पुसत मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला, बक्षीस म्हणून.

आत्याकडं गेलो. ती घोंगडी घडी करून गाठोडं बांधत होती. तिलाही सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या चांगल्या गालावरून हात फिरवला.

"माझं मन राखायलास बाबा. तुजं कधी खरं हुतं का?"

"आत्या, आईची शपथ."

"तुजी आई म्हातारी होऊन गेली, तरी तू तिची शपथ शाळेपासून घेतूस."

आता एकच माणूस उरलं. ज्याचं सगळे ऐकतील असं. आणि तेच माणूस फिर्यादी होतं.

"अगं, तू सांग की," मी बायकोला म्हणालो. "आपण दोघं गेलतो. तू ऐकलंस."

"मी नळावर काय म्हणलं ते सगळ्यांनी ऐकलंय. आता उलटं कसं बोलू?"

"चुकलं म्हून सांगायचं."

"मी?" ती म्हणाली. जणू मी तिला दुसरं लग्न कर म्हणत होतो.

"आत्या चालली लेकीकडं. कायमची. तिथं गेली तर ती दोन महिन्यांत..."

"वाढवू नका," बायको म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. पण त्या दिवशी तिनं भाकरी करपवली. आमच्या घरात ही घटना पहिलीच.

कातरणीचा दिवस आला. आमच्याकडं त्या दिवशी दोन-तीन वस्त्यांची मेंढरं एका जागी आणतात. पुरुष कातरी चालवतात, बायका लोकर गोळा करतात, आणि लिंबाखाली आत्या बसलेली असते, दिवा आणि बिब्बे घेऊन. कुणाचं खूर सडलेलं, कुणाला कातरी लागलेली, सगळी जनावरं एकामागून एक तिच्यापुढं. यंदा लिंबाखाली कुणी नव्हतं. आत्या लांब, भिंतीला टेकून बसली होती, गाठोडं शेजारी. लेकीकडची गाडी दुपारी होती. लंगडी मेंढरं इकडं-तिकडं लंगडत होती, आणि सगळे तिच्याकडं न बघता काम करत होते.

बायकोनं हातातली लोकर खाली टाकली. बायकांच्या मधोमध उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ह्यांना नागीण झालती," ती म्हणाली. "डोकं दोन दिवस आधी दुखायलं हुतं, बिब्बा मागून लावला. बिब्बा दोन्हीकडं हुता, फोड एकीकडंच आले. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलं. मी तिथं हुते."

कातऱ्या थांबल्या.

"मंग ते सांगत हुते ते खरं हुतं?" एकीनं विचारलं.

"हो. याच खेपेला."

"आन् तू नळावर म्हणलीस ते?"

बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, नागीण परवडली. मग म्हणाली, "ते चुकलं."

कुणी पुढं एक शब्द विचारला नाही. तिनं म्हटलं म्हणजे तसंच. मी फाट्यावर घसा फोडून, हातवारे करून जे करू शकलो नव्हतो, ते तिनं तीन दमड्यांच्या शब्दांत उरकलं. माझा दोस्त खिशातला मोबाईल काढून गपचूप काहीतरी पुसायला लागला.

आत्या उठली. तिचा आवाज परत आला तो असा आला की धरणच काय, मला वाटतं पैठणपर्यंतची पाखरं उडाली असतील.

"मुडद्यांनो! मेंढरं लंगडायलीत आन् तुमी तोंडं बघायलाव व्हय? डबा काढा माळ्यावरचा! दिवा कुठंय? आन् तू," ती माझ्याकडं वळली, "तू काय उभा हायस अर्धं डोकं घिऊन?"

"आत्या, आजून दुखतंय गं."

"मंग डागदरनीकडं जा. तोंडाला बिब्बा लावायचा न्हाई म्हनली न ती? आता म्या न्हाई लावत कुनाच्या तोंडाला. खुरं दाखवा, टाचा दाखवा. तोंडं तुमची तुमी बगा."

ती लिंबाखाली जाऊन बसली. गाठोडं भिंतीपाशीच राहिलं, दुपारची गाडी आली तशी गेली. पहिली मेंढी आली, ती पाय झाडायला लागली. आत्यानं दाभणाला बिब्बा टोचला, ज्योतीवर धरला आणि मान वर न करता म्हणाली,

"सुनबाई, उभी कावून? पाय धर हिचा."

बायको बसली. मेंढीचा पाय दोन्ही हातांनी आवळून धरला.

"नीट धर," आत्या म्हणाली. "आता हलली आन् बिब्बा उतला, तर नळावर जाऊन मी तुजं नाव सांगीन."